सुन्न आणि सैल

जानेवारीत गजक खाताना डाव्या बाजूची खालची दाढ तुटली. मुरैन्याची गजक आमच्या ग्वाल्हेरच्या घरात थंडीभर असते. सकाळची गोळी लागली की पहिल्या तासाभरात मला ती चावता येते, संध्याकाळी मात्र मऊ पोळीही जड जाते. ती तुटकी दाढ मी चार महिने तशीच वागवली. लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, जेवण उजव्या बाजूनं. दाढ काढायची म्हणजे इंजेक्शन आणि इंजेक्शन म्हणजे तोंड सुन्न होणार. त्या सुन्न तोंडाची मला फार भीती वाटत होती आणि ती का वाटते, हे घरात कुणाला नीट सांगताही येत नव्हतं.

मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजला राहते आणि गाणं शिकवते. अकरा वर्षांपूर्वी संध्याकाळच्या तिसऱ्या विद्यार्थिनीपर्यंत माझा आवाज नाकात जायला लागला. सगळे म्हणाले, घसा बसलाय, थोडे दिवस गाऊ नका. मग डाव्या डोळ्याची पापणी उतरू लागली. न्यूरॉलॉजिस्टनी त्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला आणि ती वर उचलली गेली. पुढे रक्ताच्या तपासणीत प्रतिपिंडं सापडली आणि दुखण्याचं नाव पक्कं झालं.

मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवर त्याच्यासाठी जागा असतात, तिथं ते पोचलं की स्नायू आखडतो. माझ्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं त्या जागाच निकामी करतात. पहिल्या हाकेला स्नायू ओ देतो, दहाव्या हाकेला देत नाही. म्हणून स्थायी स्वच्छ म्हणून होतो आणि ताना घ्यायला लागलं की जीभ जड होते. विश्रांती घेतली की पुन्हा ताकद येते.

लोक विचारतात, "अंग बधिर होतं का हो?" अजिबात नाही. मला सगळं कळतं. गरम चहा, थंड पाणी, दातात अडकलेला बडीशेपेचा दाणा, सगळं. फक्त जोर जातो. दातांच्या डॉक्टरांचं इंजेक्शन याच्या नेमकं उलट काम करतं. जोर बहुतेक जागेवर राहतो आणि कळणं जातं. माझी भीती इथंच होती. संध्याकाळी घास घशाशी अडखळला की मला ते लगेच कळतं, मी थांबते, हनुवटी खाली घेते आणि गिळते. या कळण्याच्या जोरावरच मी अकरा वर्षं जेवते आहे. दुखण्यानं जोर काढून घेतला आणि इंजेक्शननं कळणंही काढून घेतलं, तर माझ्या हातात काय उरणार?

एप्रिलच्या शेवटी गालाला सूज आली आणि प्रश्न टाळता येईना. जवळच्याच एका दवाखान्यात गेले. आजाराचं नाव सांगितलं, त्यांनी मान हलवली, आणि सूज उतरायला ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी लिहून दिली. दातांसाठी ही गोळी आपल्याकडे सर्रास देतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी पिताना ते नाकातून आलं. शब्दांना शेंडे राहिले नाहीत, 'प' आणि 'ब' ओठातच विरायला लागले.

माझी घरची एक मोजणी आहे. खोल श्वास घ्यायचा आणि तेवढ्या एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हणायचे. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. माझे सकाळी अडतीस होतात, संध्याकाळी तीस. त्या रात्री हे समोर बसून मोजत होते आणि मी एकोणीसला थांबले. ह्यांनी काही न बोलता फोन उचलला.

न्यूरॉलॉजिस्टनी ती गोळी तत्काळ बंद करायला लावली आणि रात्री दाखल करून घेतलं. ऑफ्लॉक्सॅसिन ज्या गटातलं आहे त्या फ्लोरोक्विनोलोन गटानं मायस्थेनियाच्या रुग्णाचे स्नायू आणखी दुबळे होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानं २०११ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा छापायला लावला, तो याचसाठी. मायस्थेनियात जपून राहायच्या औषधांच्या यादीत अझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनही आहेत, जेंटामायसिन आणि त्याची भावंडंही. मला अमॉक्सिसिलिन दिलं. तिसऱ्या दिवशी आकडे पुन्हा तिसाच्या वर गेले आणि मी घरी आले.

हे मी लांबवून सांगते आहे, कारण मी भीत होते इंजेक्शनला आणि घात केला एका साध्या गोळीनं. मला मायस्थेनिया आहे एवढं सांगून मी गप्प बसले होते. काय चालत नाही याची लेखी यादी समोर ठेवायला हवी होती.

दहा दिवसांनी न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे गेले, तेव्हा सरळ विचारलं, "सर, भुलेचं इंजेक्शन मला चालेल का?"

ते मराठी आहेत, सावकाश बोलतात. म्हणाले, "चालेल. कोणतं, किती आणि कधी, एवढं ठरवू."

कोणतं याचं उत्तर माझ्या रोजच्या गोळीत होतं. मी पायरिडोस्टिग्मिन घेते. ॲसिटिलकोलीनचा फडशा पाडणारं कोलिनेस्टरेज नावाचं विकर आहे, ही गोळी त्याला अडवते, म्हणून थोडं रसायन जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या जागांवर काम भागतं. हा रस्ता मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी १९३४ मध्ये दाखवला, लंडनच्या ग्रीनिच भागातल्या रुग्णालयात. बाणाच्या टोकाला लावायच्या क्युरारे विषानं माणूस जसा लुळा पडतो तसाच हा आजार दिसतो, मग त्या विषाचा उतारा इथं लागू पडेल का, असा विचार करून त्यांनी फायसोस्टिग्मिन टोचलं आणि रुग्णाला जोर आला. माझी गोळी त्याच कुळातली. रोज सकाळी पापणी उघडते तेव्हा मला त्या बाईंची आठवण येते, हे मनापासून सांगते.

पण रक्तातही याच जातीचं एक विकर असतं. प्रोकेनसारखी एस्टर जातीची भुलेची औषधं तेच मोडून टाकतं. माझी गोळी त्यालाही अडवते. म्हणजे एस्टर जातीचं औषध माझ्या रक्तात हवं त्यापेक्षा जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहू शकतं. लिग्नोकेन हे भुलेचं दुसरं औषध अमाइड जातीचं, ते यकृतात मोडतं, गोळीचा आणि त्याचा संबंध येत नाही. आपल्याकडे दातांसाठी बहुतेक लिग्नोकेनच वापरतात, त्यामुळे ही अडचण मोठी नव्हती. तरी डॉक्टरांनी दंतवैद्यासाठी दिलेल्या पत्रात ते नाव लिहून त्याखाली रेघ ओढली.

किती, हे त्यांनी जास्त वेळ घेऊन समजावलं. लिग्नोकेन मज्जातंतूतून जाणारी वेदनेची लहर अडवतं, हे त्याचं काम. पण रक्तात ते खूप चढलं तर स्नायूपर्यंत जाणारा निरोपही ते क्षीण करतं. निरोगी माणसाकडे साठा भरपूर असतो, त्याला काही जाणवत नाही. माझा साठा काठावरचा. म्हणून कमीत कमी औषध, सुई टोचल्यावर दट्ट्या आधी मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहणं, मग हळूहळू सोडणं. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजूंचा खालचा जबडा एकदम बधिर केला तर जीभ दोन्हीकडून परकी होते, लाळ आवरत नाही, आणि माझ्यासारखीला ते महागात पडतं.

झोपेचं किंवा चिंता घालवायचं औषध द्यायचं नाही. शिरेतून मॅग्नेशियम नको. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची रोजची गोळी चुकवायची नाही. हे सगळं एका कागदावर आलं.

त्या दिवशी बाहेर बाकावर एक आई बसली होती, भिंडकडची. चाकाच्या खुर्चीत तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. त्याचेही दोन दात किडले होते. माझ्या हातातलं पत्र पाहून तिनं विचारलं, "यही परचा हमारे लिए भी बनेगा क्या?" मी तिला म्हटलं, माझं पत्र तुमच्या कामाचं नाही, स्वतःच्या मुलाचं वेगळं मागा. त्याच्या आजारात बिघाड स्नायूतच असतो, मज्जातंतू आणि स्नायूच्या जोडावर नाही. पूर्ण भूल देताना वापरतात त्या सक्सामेथोनियममुळे अशा मुलांच्या स्नायूंतून पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय थांबू शकतं. म्हणून शक्य तिथं जागेपुरती भूल बरी, पण या आजारात हृदयाचा स्नायूही दुबळा होतो, तेव्हा ते आधी तपासून घ्यायचं. हे मला डॉक्टरांकडून कळलं होतं. तेवढं तिला सांगितलं आणि आत जाऊन हेच शब्द विचार म्हटलं. ती आत गेली तेव्हा पदराच्या टोकाला गाठ मारत होती, विसरायला नको म्हणून.

दाढ कुठं काढायची, यावर घरात दोन मतं होती. शेवटी मोठ्या रुग्णालयाच्या दंतविभागात ठरलं, कारण तिथं भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एकाच इमारतीत. दंतवैद्य मुलगी निघाली आमच्याच बाजूची, माहेर दौलतगंजचं. तिनं एक्स-रे पाहिला आणि म्हणाली, "काकू, रूट कॅनॉल करून दाढ वाचवता आली असती, पण दोन-तीन बैठका, दर वेळी तासभर तोंड वासून. तुमच्या जबड्याला ते झेपेल का?" मीच नाही म्हटलं. दाढ गेली तरी चालेल, तासभर तोंड उघडं ठेवणं माझ्या आवाक्यातलं नाही.

वेळ सकाळी नऊची घेतली, मे महिना असल्यामुळे तर आवर्जून. ग्वाल्हेरचं ऊन माझ्या स्नायूंचा वैरी आहे. बाराच्या उन्हात महाराज बाड्याच्या चौकातून नुसती चालत आले तरी मला एकाचे दोन दिसतात.

आठ वाजता, घरातून निघण्यापूर्वी, गोळी घेतली. साठ मिलिग्रॅम. ती अर्ध्या-पाऊण तासात लागते आणि मला सुमारे चार तास पुरते. म्हणजे बारा वाजता पुढची. सुन्नपणाही तीन-एक तास राहणार, म्हणजे तोही बाराच्या सुमारास उतरणार. बाराला तोंड बधिरच असेल तर गोळी गिळायची कशी? दंतवैद्य मुलीनंच तोडगा सांगितला, गोळी कुटून दोन चमचे थंड दह्यात. आमच्या सूनबाईंनी पुडी करून, वाटी-चमच्यासकट, पिशवीत दिली.

खुर्ची दंतवैद्य मुलीनं आडवी केली नाही, पाठ बरीच उभी ठेवली. गोळीनं माझ्या तोंडात लाळ जास्त सुटते, आडवं झालं की ती घशाकडे जाते. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. शेजारी भूलतज्ज्ञ बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आंटीजी, मशीन बाद में बताएगी, आपकी गिनती पहले बताएगी." श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा यंत्रातला आकडा बराच उशिरा पडतो, हे मला तेव्हा समजलं. सुईच्या आधी मोजलं. सदतीस.

रबरी ठोकळा दंतवैद्य मुलीनं डाव्या बाजूच्या दातांच्या मधे नाही, उजव्या बाजूच्या दातांच्या मधे ठेवला. तोंड उघडं धरायचं काम तो ठोकळा करतो, जबडा त्यावर विसावतो. इतकी साधी वस्तू, पण मला तिचा केवढा आधार वाटला! पिचकारीत दोन मिलीलीटर होतं. दोन टक्क्यांचं लिग्नोकेन म्हणजे एका मिलीलीटरमध्ये वीस मिलिग्रॅम, म्हणून एकंदर चाळीस. माझं वजन बावन्न किलो, माझ्या मर्यादेपेक्षा हे कितीतरी खाली. त्यात ॲड्रिनलिन किंचित होतं, ८०,००० भागात एक. त्यानं औषध तिथंच थांबतं, रक्तात सावकाश जातं. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात सुई गेली, दट्ट्या मागे आला, पिचकारीत रक्त नाही. मग औषध. मिनिटभर छाती धडधडली. भूलतज्ज्ञ बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, ही ॲड्रिनलिनची धडधड आहे, येईल आणि जाईल. ती गेली.

आणखी एक गोष्ट दंतवैद्य मुलीनं आधी सांगितली होती. औषध चुकून थोडं जास्त मागे पसरलं तर चेहऱ्याची नस काही तास बधिरते आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. "तुमच्या दुखण्यात पापणी पडते ना काकू? यात उलटं होतं, ती मिटतच नाही. तसं झालं तर घाबरू नका, औषधासरशी उतरतं." मला हे ऐकून फार बरं वाटलं. कुठलं लक्षण कुणाचं, हे आधी माहीत असलं की मन थाऱ्यावर राहतं. तसं काही झालं नाही, माझे दोन्ही डोळे मिटत होते.

आधी खालच्या ओठाला मुंग्या आल्या. मग ओठ जाड झाल्यासारखा, मग जिभेची डावी बाजू नाहीशी झाल्यासारखी. बरोबर मधोमध सीमा होती, उजवी बाजू माझी, डावी कुणाची तरी. आणि त्या क्षणी ज्याला मी चार महिने भ्याले होते ते आलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ही सुन्नपणाची की सैलपणाची? मला कळेना.

"आरसा देता?" मी म्हटलं. शब्द बोबडा आला.

तिनं छोटा आरसा हातात दिला. मी हसून पाहिलं. ओठाचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले. गाल फुगवून हवा धरली, हवा टिकली. जीभ बाहेर काढली, सरळ आली. डाव्या बाजूला काही जाणवत नव्हतं, पण सगळं हलत होतं. म्हणजे लाळ ओघळली ती कळली नाही म्हणून, जोर गेला म्हणून नाही. मग मोजलं, आकडे बोबडे आले पण छत्तीसपर्यंत पोचले. हे बाहेर दाराच्या काचेतून पाहत होते. त्यांना मी तीन बोटं आणि सहा बोटं दाखवली.

दाढ निघायला सात-आठ मिनिटं लागली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, दाब जाणवतो, दुखत नाही. मध्ये दोनदा ती थांबली, ठोकळा काढून जबडा मिटू दिला.

अवघड भाग त्यानंतरचा होता आणि त्याचा कुणीच आधी विचार केला नव्हता. कापसाचा बोळा ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरा म्हणाले. घट्ट चावून धरणं हेच तर मला जमत नाही. दहा मिनिटांत जबडा सुटायला लागला. मग मी रोज संध्याकाळी करते तेच केलं, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि तळहातानं हनुवटी वर दाबून धरली. हात थकला की ह्यांनी धरली. पुढचा वीस मिनिटांचा काळ आम्ही दोघं तसे बसलो होतो, माझी हनुवटी त्यांच्या तळहातात. रक्त थांबलं. दंतवैद्य मुलीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "हे मी लक्षात ठेवीन काकू, पुढच्या पेशंटला सांगायला."

घरी आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पडदे ओढलेले, कूलर सुरू. बाराला ओठात पुन्हा मुंग्या यायला लागल्या होत्या, पण जीभ अर्धी परकीच होती. दह्यातली गोळी घेतली. हनुवटी खाली, छोटा चमचा, एक घोट, थांबायचं, दुसरा. थंड दही उजव्या बाजूनं उतरताना कळत होतं, तेवढ्या कळण्यावर गिळता आलं. साडेबाराला डाव्या बाजूलाही गारवा जाणवला.

संध्याकाळी ठणकलं. पॅरासिटामॉल घेतलं, अमॉक्सिसिलिनचा दिलेला कोर्स पूर्ण केला. शिकवणी दोन दिवस बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी विद्यार्थिनींना फक्त तंबोरा धरून बसवलं आणि त्यांचं ऐकलं.

टाके पाहायला गेले तेव्हा एक गोष्ट मागून घेतली. आजाराचं कार्ड मी पर्समध्ये ठेवते, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दंतवैद्य मुलीकडून लिहवून घेतलं: 'लिग्नोकेन दोन टक्के, ॲड्रिनलिनसह, दोन मिलीलीटर, फक्त डावी बाजू. गोळीनंतर एका तासानं. त्रास नाही.' खाली सही आणि तारीख. त्याखाली मी माझ्या अक्षरात वेगळ्या शाईनं ऑफ्लॉक्सॅसिन लिहून त्यावर फुली मारली आणि पुढे लिहिलं, 'बोळा चावता येत नाही, हनुवटीला हात लागतो.'